‘स्टेबल’ म्हणजे नक्की काय? मामांचं दूध केंद्र, राहुरीचं बियाणं आणि १.०

(ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित उतारा. मधले ‘अं’, दोनदा सांडलेलं वाक्य आणि मागून गेलेला ट्रॅक्टर काढून टाकलाय. बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तुमच्यापैकी जे कोणी वेबसाइट बनवतात, कॉलेजचा प्रोजेक्ट करतात किंवा गावातल्या कुणासाठी छोटं ॲप लिहून देतात, त्यांचा एक ना एक दिवस याच्याशी संबंध येतोच. विषय असा की एखादी ओपन सोर्स लायब्ररी ‘स्टेबल व्हर्जन’ काढते, तेव्हा नक्की काय होतं? कोण ठरवतं? आणि आपण त्यावर किती भरवसा ठेवायचा?

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. संगमनेर तालुक्यात माझ्या मामांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन येतात, लिटर, फॅट, एसएनएफ यांची नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. पूर्वी सगळं वहीत होतं. मी मोठ्या उत्साहानं त्यांना एक छोटं वेब ॲप करून दिलं. त्यात आकड्यांचा तक्ता दाखवायला आणि बेरजा करायला मी एक ओपन सोर्स लायब्ररी घेतली होती. नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. तेव्हा तिचं व्हर्जन होतं ०.८.

एका महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी मी ॲपमध्ये फक्त एक वेलांटी दुरुस्त केली. केंद्राच्या नावात चुकली होती. कोड वर चढवला आणि झोपले. २१ला सकाळी सात वाजता मामांचा फोन. “अगं, बिलात हे काय आलंय? आकडाच नाही, काहीतरी इंग्रजी दिसतंय.” मी मोबाइलवर उघडून बघितलं, तर ४७ जणांपैकी १९ जणांच्या एकूण रकमेच्या जागी ‘एनएएन’ लिहिलेलं. म्हणजे ‘नॉट अ नंबर’. हा आकडा नाही, एवढंच कॉम्प्युटर सांगत होता. बँकेत द्यायची यादी अकराच्या आत जायला हवी होती. मामांनी शेवटी जुनी वही काढली, कॅल्क्युलेटर घेतला आणि १९ बिलं हातानं केली. मला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

झालं असं होतं की ज्या १९ जणांनी दहा दिवसांत एखाद्या वेळेला दूध घातलं नव्हतं, त्यांच्या नोंदीत एक रकाना रिकामा होता. लायब्ररीच्या ०.८ मध्ये रिकामा रकाना शून्य धरला जायचा. ०.९ मध्ये तो रिकामाच धरला जाऊ लागला, म्हणजे ‘अनडिफाइन्ड’. आणि जावास्क्रिप्टमध्ये आकड्यात अनडिफाइन्ड मिळवलं की सगळी बेरीज एनएएन होते. एका रिकाम्या रकान्यानं वीस नोंदींचं बिल खाल्लं.

पण मी तर फक्त वेलांटी बदलली होती, मग ०.९ आलं कुठून? तर पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये त्या लायब्ररीपुढे मी आकडा न लिहिता ‘लेटेस्ट’ लिहून ठेवलं होतं. म्हणजे सर्व्हरनं ॲप नव्यानं बांधलं की जे ताजं असेल ते आणायचं. आणि लॉक फाइल मी गिटमध्ये ठेवलीच नव्हती, ‘एवढी मोठी फाइल उगाच कशाला’ म्हणून. त्या लॉक फाइलकडे नंतर येते.

नंतर चेंजलॉग वाचला. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: रिकाम्या रकान्यांची वागणूक बदलली आहे. आणि व्हर्जन शून्यापासून सुरू होत होतं, ही त्याहून मोठी सूचना तर आधीपासूनच समोर होती.

आता हे शून्य समजून घेऊ. बहुतेक लायब्ररींचे व्हर्जन तीन आकड्यांत असतात, समजा २.४.१. या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. तिचे नियम गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढले. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती. मधला वाढला तर नवीन काहीतरी आलंय, पण जुनं चालायला हवं. पहिला वाढला तर सावधान, तुमचा चालता कोड मोडू शकतो. आणि पहिला आकडा शून्य असेल तर? तर नियमातच लिहिलंय की अजून काहीही, कधीही बदलू शकतं. १.० आलं की लायब्ररीवाले पहिल्यांदा सांगतात: हे बाहेरून वापरायचे दरवाजे आम्ही ठरवलेत, आता ते न सांगता हलवणार नाही.

म्हणजे १.० हे वचन आहे. ‘बग नाहीत’ असं ते वचन नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. स्टेबल या शब्दाचा लोक असा अर्थ घेतात की आता हे पक्कं झालं, यात चूक निघणार नाही. छे! स्टेबलमध्येही बग असतात, भरपूर असतात. स्थिर असतो तो व्यवहार. तुम्ही ज्या नावानं हाक मारता त्या नावाला तो ओ देणार, आणि जे उत्तर द्यायचा तेच देणार.

गंमत अशी की जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या लायब्ररींपैकी एक, रिॲक्ट, कित्येक वर्षं शून्यातच होती. २०१३ मध्ये ती खुली झाली. ०.१४ पर्यंत आली तोवर मोठमोठ्या साइट्स तिच्यावर चालत होत्या. मग एप्रिल २०१६ मध्ये ०.१४ नंतर एकदम १५.० काढलं. मधला आकडा पुढे ओढला, बस्स. कोड एका रात्रीत पंधरापट पक्का झाला नव्हता. ‘लोक यावर धंदा चालवतायत, तर आपण तसं मान्य करू’ एवढाच त्याचा अर्थ होता. मला ही कबुली आवडते. उलट काही जण भीतीपोटी वर्षानुवर्षं ०.९७, ०.९८ करत राहतात. वापरणारे हजारो असतात, पण वचन द्यायला कुणी तयार नसतं.

बरं, १.० काढायचं ठरवलं, तर करतात काय? इथं मला आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण जास्त जवळचं वाटतं.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या वाणांची नावं ‘फुले’नं सुरू होतात, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही माहीत असतं. फुले २६५ ऊस, फुले संगम सोयाबीन, अशी ती नावं. पण शास्त्रज्ञाला प्लॉटमध्ये एक चांगलं रोप दिसलं म्हणून ते लगेच दुकानात येत नाही. आधी संशोधन केंद्रावर चाचण्या. मग वेगवेगळ्या ठिकाणच्या जमिनीत, वेगवेगळ्या पावसात चाचण्या. मग शेतकऱ्यांच्या रानात. सोबत तुलनेला आधीचं चालू वाण लावतात, नवीन खरंच सरस आहे का हे बघायला. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक होते, तिला ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथं आकडे मांडायचे, प्रश्न झेलायचे. हे सगळं पार पडलं की वाण ‘प्रसारित’ होतं. बघा, शब्दच तोच आहे, रिलीज.

सॉफ्टवेअरमध्ये याच पायऱ्यांना अल्फा, बीटा आणि आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, म्हणतात. अल्फा म्हणजे संशोधन केंद्राचा प्लॉट: आत काय आहे ते बघा, पण यावर घर चालवू नका. बीटा म्हणजे बाहेरच्या जमिनीतली चाचणी. आरसी म्हणजे ‘आमच्या मते हेच फायनल आहे, काही गंभीर निघालं नाही तर यातलं एक अक्षरही न बदलता यालाच स्टेबल म्हणू’. आरसीच्या आधी कधीतरी ‘फीचर फ्रीज’ होतो. म्हणजे नवीन काही आत घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या. ऐकायला सोपं आहे, पण ओपन सोर्समध्ये हीच सगळ्यात अवघड वेळ. कुणीतरी दोन महिने रात्री जागून एक फीचर लिहून पाठवलेलं असतं, पगार नाही, काही नाही, आणि त्याला सांगायचं असतं, “छान आहे, पण आता नाही, पुढच्या व्हर्जनला.” लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाची दिशा बदला म्हणणारा पाहुणा प्रत्येक घरात असतो. त्याला न दुखावता थांबवायचं.

हे नियम पाळले नाहीत की काय होतं? २०१६ मध्ये अँग्युलर २ च्या वेळी लोकांनी ते अनुभवलं. मे महिन्यात पहिली आरसी आली. लोकांना वाटलं, झालं आता, आणि कामाला लागले. पुस्तकं लिहिणारे लिहायला लागले, कोर्स घेणारे घ्यायला लागले. आणि ऑगस्टमध्ये पाचव्या आरसीत ॲपची मांडणी करायची पद्धतच बदलली, मॉड्यूल नावाची नवी गोष्ट आली. सप्टेंबरमध्ये फायनल आलं. तांत्रिकदृष्ट्या तो बदल चांगला असेलही. पण नाव आरसी आणि वागणूक अल्फाची, असं झालं की पुढच्या वेळी आरसीवर कोण विश्वास ठेवणार?

उलट उदाहरण रिॲक्ट १९ चं. २५ एप्रिल २०२४ ला ते चाचणीसाठी खुलं झालं. काही आठवड्यांत बाहेरच्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. स्क्रीनवर दोन भाग शेजारी शेजारी आहेत आणि दोघांनाही सर्व्हरवरून माहिती आणायची आहे, अशी कल्पना करा. आधी काय व्हायचं, दोन्ही मागण्या साधारण एकदमच निघायच्या. नव्या बदलात काही ठिकाणी पहिली माहिती येईपर्यंत दुसरीची मागणीच निघत नव्हती. घरातली दोन पोरं दोन दुकानांत एकदम पाठवायची, त्याऐवजी एक परत आला की मगच दुसऱ्याला उठवायचं, तसं. पान हळू झालं. रिॲक्ट बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वापरात हे फारसं जाणवत नव्हतं, कारण त्यांची माहिती आणायची पद्धत वेगळी होती. बाहेर मात्र हजारो ॲप्स या सवयीवर उभी होती. बराच गदारोळ झाला. मग टीमनं स्टेबल थांबवलं, तो भाग नव्यानं केला आणि ५ डिसेंबर २०२४ ला १९ स्टेबल काढलं. सात महिने! काही लोक ‘किती उशीर’ म्हणून कुरकुरले. माझ्या मते तो उशीर म्हणजे आरसीनं आपलं काम चोख केल्याची पावती होती. वेगवेगळ्या जमिनीत चाचणी घ्यायची ती यासाठीच.

आता दुसरा मोठा मुद्दा: नावं बदलणं. यासाठीही लांब जायला नको.

आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. क्षणभर राजकारण बाजूला ठेवा आणि प्रोग्रामरच्या नजरेनं बघा. समजा तुमच्या ॲपमध्ये पत्त्याचा ड्रॉपडाउन आहे. कुणी त्यातलं जुनं नाव काढून नवं टाकलं. मग जुन्या ग्राहकांच्या नोंदी, ज्यांत ‘अहमदनगर’ लिहिलंय, त्या कुठल्या जिल्ह्यात शोधायच्या? अहवाल काढला की जिल्हा दोन तुकड्यांत दिसणार. पण गाडीचा नंबर? तो एमएच १६ च आहे. श्रीरामपूरकडचा एमएच १७ च आहे. पिनकोड ४१४००१ तोच आहे. ज्यांनी आत कोड वापरला आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवलं, त्यांना एक ओळ बदलावी लागणार. ज्यांनी नावालाच ओळख मानलं, त्यांची पळापळ.

लायब्ररीतही अगदी असंच असतं. एखाद्या फंक्शनचं नाव बदलायचंय. चांगली लायब्ररी ते एका फटक्यात करत नाही. आधी नवं नाव आणते, जुनंही चालू ठेवते आणि जुनं वापरलं की कन्सोलवर पिवळी सूचना देते: हे पुढच्या मोठ्या व्हर्जनमध्ये जाणार आहे. याला डेप्रिकेशन म्हणतात. आपण सगळे त्या पिवळ्या ओळी न वाचता वर सरकवतो, मीसुद्धा. मग पुढचा पहिला आकडा वाढतो तेव्हा जुनं नाव खरंच जातं. रिॲक्टवाल्यांनी १९ च्या आधी १८.३ काढलं, ते मुख्यतः या सूचनांसाठीच. ते १८.२ सारखंच होतं, फक्त काय काय जाणार हे आधी सांगत होतं.

आता महाराष्ट्रातल्या एका खऱ्या प्रकल्पाकडे येते, कारण वरचं सगळं सॅन फ्रान्सिस्कोतच होतं असं वाटायला नको. मुंबईत फ्रॅपे नावाची कंपनी आहे, रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, विक्री असलं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या खाली जो पाया आहे तो फ्रॅपे फ्रेमवर्क: पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि मारियाडीबी यांवर उभं, पूर्ण खुलं, एमआयटी परवान्याखाली. म्हणजे तुम्ही पारनेरमध्ये बसून ते उतरवू शकता, वापरू शकता, बदलू शकता, त्यावर ॲप करून विकूही शकता.

त्यांची रिलीजची पद्धत गिटहबवर उघडी दिसते आणि शिकण्यासारखी आहे. ‘डेव्हलप’ नावाची एक फांदी असते. नवं सगळं तिथं जातं. रोज बदलते, कधी मोडते. दुसरीकडे ‘व्हर्जन-१४’, ‘व्हर्जन-१५’ अशा वेगळ्या फांद्या. त्या स्टेबल. जुन्या व्हर्जनमध्ये बग सापडला तर दुरुस्ती आधी डेव्हलपवर होते आणि मग तीच उचलून स्टेबलच्या हॉटफिक्स फांदीवर लावतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. दुरुस्ती पाठवणाऱ्यानं शीर्षकाच्या सुरुवातीलाच लिहायचं असतं, ‘फिक्स’ की ‘फीट’, म्हणजे दुरुस्ती की नवं फीचर. त्यावरून पुढचा आकडा कुठला वाढवायचा हे यंत्रच ठरवतं. माणसाच्या मूडवर काही नाही.

आणि फ्रेमवर्कच्या बाबतीत एक जास्तीची जबाबदारी असते, ती म्हणजे आधीच साठलेला डेटा. तक्त्याची लायब्ररी बदलली तर कोड बदलला की झालं. पण दुकानदाराच्या पाच वर्षांच्या पावत्या जुन्या आकारात डेटाबेसमध्ये पडून आहेत, त्यांचं काय? फ्रॅपेत यासाठी पॅचेस नावाची साधी यादी असते. प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जुना डेटा नव्या आकारात बसवणारा. ‘मायग्रेट’ केलं की यादीतले राहिलेले पॅच क्रमानं चालतात आणि कुठला चालला याची नोंद ठेवली जाते, म्हणजे तो दुसऱ्यांदा चालणार नाही. मला विचाराल तर एखादा प्रकल्प किती जबाबदार आहे हे बघायला त्याची वेबसाइट बघू नका, ही यादी बघा. मागच्या लोकांना सोबत घेऊन जायची तयारी किती आहे ते तिथं कळतं.

तरीही सगळं गोडच असतं असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हर्जन १४ आलं. त्यात ईआरपीनेक्स्टच्या पोटातले काही मोठे भाग, आरोग्य, शिक्षण वगैरे, बाहेर काढून वेगळी ॲप्स केली. भारताचं जीएसटीचं कामसुद्धा ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेलं. निर्णय योग्य होता. जीएसटीचे नियम बदलतात त्यांच्या वेगानं, त्यासाठी अख्ख्या सॉफ्टवेअरनं का थांबायचं? पण भारतातल्या दुकानदारासाठी याचा अर्थ असा की नुसतं १४ वर गेलात आणि ते ॲप वेगळं बसवलं नाहीत, तर जीएसटीची सोय गायब. शिवाय १४ ला पायथॉन ३.१० लागत होतं आणि त्या वेळी भरपूर सर्व्हरवर असलेल्या उबुंटू २०.०४ मध्ये मुळात ३.८ असायचं. म्हणजे लायब्ररीच्या आधी सर्व्हरच बदला. कागदावर एक आकडा वाढला, प्रत्यक्षात शनिवार-रविवार गेला. यातलं बहुतेक सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं. ते वाचणारे थोडे, एवढंच.

म्हणूनच स्टेबल आलं की त्याच दिवशी उडी मारायची नसते. व्ह्यू या लायब्ररीनं हे छान हाताळलं. व्ह्यू ३.० सप्टेंबर २०२० मध्ये आलं, स्टेबल म्हणून. पण तेव्हा कुणी साधं ‘एनपीएम इन्स्टॉल व्ह्यू’ केलं तर व्ह्यू २ च यायचं. सोबतची हत्यारं, राउटर, डॉक्युमेंटेशन, सगळं तीनच्या जोडीला येईपर्यंत त्यांनी थांबवलं आणि ७ फेब्रुवारी २०२२ ला तीन हे डिफॉल्ट केलं. व्ह्यू २ ला मग २०२३ अखेरपर्यंत सांभाळलं. स्टेबल असणं वेगळं आणि सगळ्यांनी आज घ्यावं असं असणं वेगळं.

प्रत्यक्ष रिलीजचा क्षण मात्र अगदी साधा असतो. गिटमध्ये त्या जागेवर एक टॅग लावायचा, चेंजलॉग पक्का करायचा आणि ‘एनपीएम पब्लिश’ म्हणायचं. बस्स, एक ओळ. पण तो सुटलेला बाण असतो. १.०.० हा आकडा एनपीएमवर एकदा वापरला की पुन्हा कधीच वापरता येत नाही, पॅकेज काढून टाकलं तरीही. घाईत एक फाइल राहिली? मग १.०.१. असे ‘१.०.१’ तुम्हाला जगभर दिसतील, १.०.० नंतर दहा मिनिटांत आलेले. त्यामागे कुणीतरी कपाळावर हात मारलेला असतो.

टॅगवरून पुन्हा बियाण्यावर येते. पैदासकार बियाण्याला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. दुकानातून निळ्या टॅगची पिशवी आणली की कृषी खातं दरवर्षी काय सांगतं? पिशवी खालच्या बाजूनं फोडा, टॅग तसाच राहू द्या. पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. का? उगवलं नाही, तर नक्की कुठल्या लॉटचं पेरलं होतं हे दाखवता आलं पाहिजे.

लॉक फाइल म्हणजे हेच! पॅकेज डॉट जेसनमध्ये तुम्ही साधारण लिहिता: ‘१.२ किंवा त्यापुढचं, पण २ च्या आतलं’. आकड्याआधी ते छपरासारखं चिन्ह असतं ना, कॅरट, त्याचा अर्थ हा. शून्यावाल्या व्हर्जनला कॅरट आणखी कडक असतं. ०.८ लिहिलं असेल तर ०.९ आपोआप येत नाही. म्हणजे मी नुसतं कॅरट लावून ०.८ लिहिलं असतं, तरी मामांची सकाळ वाचली असती. आणि लॉक फाइलमध्ये नेमकं काय पेरलंय ते लिहिलेलं असतं, अगदी आकड्यापर्यंत, आणि त्या लायब्ररीच्या पोटातल्या लायब्ररीसुद्धा. ती गिटमध्ये ठेवायची आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवायचं. मग सर्व्हर स्वतःचं डोकं वापरत नाही, लॉक फाइलमध्ये आहे तेच आणतो.

मी त्या मोठ्या फाइलीला कचरा समजून फेकत होते. घरात कुणी सोयाबीनची पिशवी आणि पावती पेरणीच्याच दिवशी चुलीत घातली असती, तर मीच ओरडले असते.

आणखी एक गोष्ट, जी त्या दिवशी मी केली आणि तुम्हीही करू शकता. मला राग आला होता, पण मी त्या लायब्ररीच्या गिटहबवर भांडायला न जाता एक टेस्ट लिहून पाठवली: वीस रकाने, त्यातला एक रिकामा, बेरीज किती यायला हवी. सोबत दोन ओळी, की ग्रामीण भागात दुधाच्या नोंदीत असे रिकामे रकाने नेहमी असतात. लायब्ररी सांभाळणारी व्यक्ती एकटीच होती, कुठल्यातरी दुसऱ्या देशातली, नोकरी करून हे करणारी. चार दिवसांनी उत्तर आलं. जुनी वागणूक परत आणली नाही, पण ‘रिकामं म्हणजे शून्य धरा’ असा एक पर्याय १.० मध्ये आला, आणि माझी टेस्ट त्यांच्या टेस्टमध्ये आहे. आता त्या लायब्ररीचं कुठलंही व्हर्जन बाहेर पडायच्या आधी वीस रकान्यांची ती बेरीज होते.

बीटा आणि आरसी बाहेर काढतात ते याचसाठी. बनवणाऱ्याला तुमची जमीन माहीत नसते. पुण्या-मुंबईचा प्रोग्रामर फायबर नेटवर चाचणी घेतो. टाकळीच्या टेकडीमागे एका काडीच्या रेंजवर, फुटलेल्या स्क्रीनच्या अँड्रॉइडवर, देवनागरी आकडे टाइप केले की काय होतं, हे त्याला कोण सांगणार? आरसी आली की दोन तास काढायचे, आपल्या ॲपची एक प्रत करायची, त्यात नवं टाकून बघायचं आणि मोडलं तर व्यवस्थित लिहून कळवायचं. त्यासाठी मोठा प्रोग्रामर असावं लागत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन गोष्टी नीट लिहिता आल्या की पुरे.

मामांचं ॲप सध्या त्या लायब्ररीच्या १.४ वर आहे, लॉक फाइलसकट. वही अजून कपाटात आहे, आणि मामा दर दहा दिवसांनी दोन-तीन बिलं मुद्दाम हातानं ताडून बघतात. मी आता त्यांना ‘कशाला’ म्हणत नाही. गेल्या आठवड्यात २.० ची आरसी आलीय. चेंजलॉग यावेळी पहिल्या ओळीपासून वाचलाय. बिलं २१ ला निघतात, त्यामुळे २२ च्या दुपारी, दूध यायच्या आधी, माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत टाकून बघणार आहे. काय मोडलं ते पुढच्या भागात सांगते. तोवर तुमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये कुठं ‘लेटेस्ट’ लिहिलंय का, तेवढं बघून घ्या.